खाटेभोवतीचं गाऱ्हाणं

"डोकं जागं आहे यांचं," डॉक्टर म्हणाले, आणि दुर्गा दोन पावलं मागे सरकली.

खरं तर नवऱ्याची अशी बातमी ऐकून बाईने वॉर्डभर साखर वाटायची! पण ही भिंतीला टेकून उभी राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात भिवाच्या डोक्यात लाठी बसली त्याला तीन आठवडे झाले होते. गिरणीत दोन माग एकट्याने सांभाळणारा गडी, परळच्या इस्पितळात डोळे मिटून पडला होता. हाकेला ओ नाही की काही नाही. आज त्याच्या डोक्याला तारा चिकटवून मशीन लावलं होतं. कागद सरकत होता आणि लेखण्या त्यावर नागमोडी रेघा ओढत होत्या.

"पण साहेब, ते तर नुसते पडून आहेत."

"पडलेल्या माणसाचं डोकं रिकामं नसतं, बाई. ते स्वतःशीच काहीबाही घोळवत असतं. आणि हे बघा, मी हाक मारली की ही संथ लाट मोडते. यांना ऐकू येतंय. पहिल्या दिवसापासून येत असणार."

अरे देवा! पहिल्या दिवसापासून?

म्हणजे रविवारचंही. रविवारी नायगावच्या चाळीतले गाववाले नारळ घेऊन खाटेभोवती जमले होते. भिवाच्या थोरल्या भावाने, लवूने, गावी देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्याचे हाल आता बघवत नाय. ह्याका उचल, मोकळो कर!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. रीतच आहे ती, एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. पण सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं? दुर्गा! आणि मेली मनापासून ओरडली. जागरणांनी जीव मेटाकुटीला आला होता, तिला सुटका हवी होती.

"बोला ना त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले.

दुर्गा खाटेजवळ आली. कसंबसं "अहो" म्हणाली मात्र, लेखण्या थडाथडा उडायला लागल्या.

"पाहिलंत? तुमचा आवाज बरोबर ओळखला!" डॉक्टर खूश झाले.

ओळखणारच की! दुर्गाला वाटलं, असंच पळत सुटावं. पण ती खाटेच्या कडेवर बसली आणि भिवाच्या कानाशी वाकली.

"आयकलास ना तुमी सगळा? व्हय, मीच म्हटलंय. जागरणांनी दमलंय हो मी. आता उठा, काय व्हये ती शिवी घाला माका, पण उठा."