पाहुण्यांच्या हातात गेलेली काडी

मी एक जुनी काडी आहे. दात कोरायची नव्हे आणि आगपेटीतलीही नव्हे. वाद्यवृंदासमोर उभं राहून संचालक जी हवेत फिरवतो, ती. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. मला माणसांचा संशय येतो आणि तो उगाच येत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात काशीराम लेथ चालवायचे. कोकणातल्या त्यांच्या गावी देवळासाठी नवा मृदंग घडवला, तेव्हा उरलेला फणसाच्या लाकडाचा तुकडा त्यांनी पिशवीत घालून आणला. जेवणाच्या सुट्टीत मालकाची नजर चुकवून मला लेथवर चढवलं, गुळगुळीत केलं, मुठीच्या जागी बाटलीचं बूच बसवलं आणि घरी जाऊन बायकोच्या हातात दिलं.

"घे. आता नुसतं बोट नाचवू नको," म्हणाले.

त्यांची बायको म्हणजे प्रेमाताई. राहणार मुलुंड, नोकरी पोस्टात. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी वीसेक हौशी माणसं जमवून वाद्यवृंद उभा केला. क्लॅरिनेटवर एक रिक्षावाला, व्हायोलिनवर बँकेतली सुगंधा, ढोलकीवर ऐरोली कोळीवाड्याचा हरेश्वर. कुणाकडे पदवी नव्हती, पण रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सगळे हजर.

मी वर गेले की सगळे सुरू आणि मी थांबले की सगळे थांबले, असं बावीस वर्षं चाललं. मी माजले होते, खोटं कशाला बोलू? एक गोष्ट मात्र मला खटकायची. ताई बुटक्या, म्हणून लाकडी खोक्यावर उभ्या राहायच्या आणि जाड टाचेच्या चपलेने त्या खोक्यावर ठक ठक करायच्या. हुकूम माझा, मग मध्ये हा ठकठकाट कशाला?

गेल्या दोन वर्षांत ताईंचा हात थरथरायला लागला. सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

मग आमच्यातलाच सुयोग वाद्यवृंदाचा सेक्रेटरी झाला. शाळेचा हॉल मार्चनंतर मिळणार नव्हता, भाड्याच्या खोलीसाठी पैसे उभे करायचे होते. सुयोगने शक्कल काढली. आपल्याच भागातले लोक पाहुणे संचालक म्हणून बोलवायचे, प्रत्येकाने देणगी द्यायची आणि एक गाणं काडी फिरवायची. त्यांच्या ओळखीचे लोक तिकीट काढून येतील ते वेगळेच.

"ताई, त्या दिवशी तुम्ही फक्त बसा. आराम," तो म्हणाला.

इथेच मला वास आला. आराम कर, हे शब्द आपुलकीने बोलणारा माणूस तोंडाकडे बघून बोलतो. हा ताईंच्या हाताकडे बघून बोलला. पुढे ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घाटकोपरला गेल्या, त्या दोन रविवारी सुयोग एका मुलीला सरावाला घेऊन आला. श्रुतिका तिचं नाव, संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेली. म्हणे तीही पाहुणीच. मग बाकीच्या पाहुण्यांना दोन मिनिटांचं कोळीगीत आणि हिला शेवटची, बारा मिनिटांची रचना का? बाकीच्यांचा एकही सराव नाही आणि हिचे दोन का? मी काडी आहे, मूर्ख नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. पहिला पाहुणा कृणाल, जिमवाला. त्याने मला डंबेलसारखं आवळलं.

"बग, आता घाम काढील हा त्या काडीचा," हरेश्वर पुटपुटला.

"गप रे, हसू येतं," सुगंधा म्हणाली.

कृणालने मला कसंही फिरवलं, तरी गाणं सुतासारखं सरळ गेलं. कारण ताई बाजूला खोक्यावर बसून टाच मारत होत्या आणि सगळ्यांना तसंच ठरवून दिलं होतं: पाहुण्याकडे बघायचं नाही. गाणं संपलं तरी कृणाल हात फिरवतच होता.

"झकास ना?" त्याने खाली उतरताना विचारलं.

"एकदम! तुझ्याबिगर जमलंच नसतं, शेट," हरेश्वर म्हणाला.

मग फरसाणवाल्या कमलताई आल्या. ढोकळ्यावर फोडणी घालावी तसं त्यांनी मला फिरवलं. लोक पोट धरून हसले. मीही मनात म्हटलं, ठीक आहे, आजच्या दिवस टाच चालवा. उद्यापासून पुन्हा मीच.

मध्यंतरात सुयोगने मला उचललं आणि पडद्यामागे वादकांना गोळा केलं.

"ऐका. आता ताईंच्या टाचेवर जायचं नाही. श्रुतिकाच्या काडीकडे बघायचं. आपल्या वाद्यवृंदाच्या समितीचे लोक पुढच्या रांगेत बसलेत. ती जमली, तर पुढच्या महिन्यापासून तीच."

"आणि ताई?" हरेश्वरने विचारलं.

"सत्कार करू ना त्यांचा. आजच. शाल आणलीय."

"शाल आणलीस आणि त्यांना सांगितलं नाय?"

"अरे, वेळ आली की सांगू. त्यांना वाईट वाटेल यार."

पडद्याच्या पलीकडे ताई पाणी पीत उभ्या होत्या. फटीतून मला त्यांचा ग्लास दिसला. तो हलत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा हात अगदी स्थिर होता. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. परत येऊन खोक्यावर बसल्या, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली.

श्रुतिकाने मला हातात घेतलं. इतका चांगला हात मला कधीच मिळाला नव्हता. सुरुवातीचा भाग जलद होता, दोन्ही सरावांत तेवढाच झाला होता; हरेश्वरच्या ढोलकीने तो ओढून नेला. मग संथ भाग आला. ढोलकी थांबली. वीस जोडी डोळे माझ्यावर खिळले.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. ते डोळे माझ्यावर कसे टिकवायचे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मी खाली आले की वाजवायचं, की खाली येऊन वर उसळले की? सुगंधा अर्धी मात्रा पुढे पळाली, क्लॅरिनेट मागे राहिली. बावीस वर्षांत मला कुणी पाहिलंच नव्हतं. ते सगळे ती टाच ऐकत होते आणि मी हवेत मिरवत होते.

श्रुतिकाच्या तळव्याला घाम सुटला. सुगंधाने हात थांबवला. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ताईंनी नुसतं तसंच बसून राहायचं होतं. खुर्ची त्यांचीच राहिली असती.

"पोरीचा काय दोष?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. पाय खाली सोडला, चप्पल अडकवली. ठक.

दोन मात्रांत सगळे एका जागी आले. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. सुयोगने माईक ओढला.

"श्रुतिकासाठी जोरदार टाळ्या! आणि आता एक आनंदाची बातमी..."

"थांब," ताई उठल्या. "माझ्याबद्दलची बातमी आधी मला सांग ना."

"कसली बातमी?" श्रुतिका गोंधळली. "मला एका गाण्यासाठी बोलावलंय ना, सुयोगदादा?"

म्हणजे तिलाही याने सांगितलं नव्हतं!

"ताई, घरी बोलू आपण," सुयोग हळूच म्हणाला.

"घरी यायला दोन वर्षं होती तुला. माझा हात थरथरतो, मला दिसत नाही का? गणपतीनंतर सोडायचंच ठरवलं होतं मी. चहाला येऊन तोंडावर सांगितलं असतंस, तर याच मुलीला मी स्वतः तयार केलं असतं. आता नाही सोडणार. ती शाल तुझ्या आईला दे."

पुढच्या रांगेतून काशीरामांनी एकट्याने टाळी वाजवली. मग सगळा हॉल.

श्रुतिकाने मला बुचाच्या बाजूने ताईंपुढे धरलं. "ताई, ती टाच मला शिकवाल?"

"रविवारी ये. आणि हे रबरी बूट घालून येऊ नकोस."

खोलीचे पैसे जमले. सराव आता तिथे होतो. सुयोग अजून सेक्रेटरी आहे आणि मला 'ताईंची लाडकी' म्हणतो. माझा त्याच्यावर काडीइतकाही भरवसा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपून ठेवा. मला ते नको. लाकूड आहे, कधीतरी मोडेन. पण तुमच्या घरात, शाळेत, मंडळात एखादं माणूस थकलं असेल, तर त्याच्या पाठीमागे बैठका घेऊ नका. समोर बसा आणि सांगा. ते चिडेल, रडेल, दोन शिव्याही घालेल. ऐकून घ्या. शाल आणायला दुकानात जाण्याआधी त्याच्या घरी जा.