सगळ्यांकडून एकच

लोक म्हणत, लिफ्टवाला धीराचा माणूस. बायको गेली तरी एक दिवस काम चुकवलं नाही. धीर कसला डोंबलाचा! त्याला काही जाणवतच नव्हतं. सकाळी पोरांचे डबे भरायचे, त्यांना शाळेत सोडायचं, मग कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन दोरांना वंगण लावायचं, ब्रेक तपासायचे, संध्याकाळी घरी येऊन भांडी घासायची. वर्ष व्हायला आलं तरी हेच चाललं होतं. कामाचा त्याला त्रास नव्हता, कारण लिफ्ट कधी कुणाला ‘आता कसं वाटतंय’ म्हणून विचारत नाही.

घरात दोन मुलं. थोरली अकरा वर्षांची. ती आल्यागेल्याला हुकूम सोडायची, म्हणून सगळे तिला मॅडम म्हणत. धाकटा टिंगू पहिलीत, आणि त्याचे प्रश्न झोपेतसुद्धा चालू.

वर्षअखेरची सुट्टी जवळ आली तशी लिफ्टवाल्याला धास्ती बसली ती सोफ्याची. त्यांच्या घरी सुट्टीच्या पहिल्या सकाळी सोफ्यावर बसायला जागा नसे, इतका मुलांना आलेल्या भेटींचा ढीग तिथे पडलेला असे. प्रत्येक पुडक्यावर रंगीत कागद आणि कागदावर चिठ्ठी: आत्याकडून, काकाकडून, मावशीकडून. अक्षर बायकोचं. माणसं वस्तू पाठवतात, चिठ्ठी लावायचं भान कुणाला असतं, असा त्याचा समज. समज तरी कसला, त्यानं त्यावर कधी डोकं चालवलंच नव्हतं. सुट्टीत लोकांकडे पाहुणे येतात, लिफ्टमध्ये माणसं कोंबून भरतात आणि लिफ्ट मध्येच अडकते. तेव्हा दरवर्षी त्या ढिगाकडे एक नजर टाकून, चहा घशाखाली ओतून तो कामावर पळायचा. पुढचं कागद फाडणं, ओरडणं, मग सगळ्यांना आभाराचे फोन करणं, हे सारं बायकोच्या देखरेखीखाली पार पडे.

यंदा ते त्याच्या अंगावर येणार होतं. माळा खेळण्यांनी भरलेला, पलंगाखाली खोकी, कपाट उघडलं की काहीतरी डोक्यात पडायचं. त्यानं ठरवून टाकलं की यंदा प्रत्येक मुलाला एकच भेट, सगळ्यांची मिळून. कुणी विचारलं तर सांगायला शिस्त होती, पसारा होता, मुलं लाडावतात हे होतंच. खरं म्हणजे तो ढीग उघडताना मुलांचे चेहरे बघत बसायची त्याच्यात ताकद नव्हती.

आधी थोरल्या बहिणीला, आक्काला, फोन केला. आक्का म्हणजे मिठाच्या पुडीवरूनही तासभर वाद घालणारी बाई. तो तयारीनंच बसला होता.

“आक्का, यंदा पोरांना वेगळं काही पाठवू नकोस. सगळे मिळून एकच देऊ.”

आक्का म्हणाली, “बरं बरं. तू म्हणशील तसं.” आणि फोन ठेवलासुद्धा.

मुलांच्या मावशीनंही तेच केलं. “चालेल की, भाऊजी,” म्हणाली आणि लगेच थंडीबद्दल बोलायला लागली. लिफ्टवाल्याला हे चमत्कारिक वाटलं. म्हणजे, वाटायला हवं होतं एवढं त्याला कळलं.

धाकट्या भावाकडे तो स्वतःच गेला. भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरादाराला ठाऊक. दादाचं बोलणं त्यानं काच पुसत पुसत ऐकून घेतलं.

“कमी करायचं म्हणतोस,” तो म्हणाला, “पण दादा, कमी करायला आधी काहीतरी असावं लागतं ना.”

“म्हणजे?”

“म्हणजे, वहिनीनं शपथ घातली होती म्हणून इतकी वर्षं बोललो नाही, पण आम्ही कधी काही दिलंच नाही रे. वहिनी आणायची. नाव आमचं घालायची.”

“आक्कानं तरी...”

“आक्का नाही, मावशी नाही, मी नाही. मॅडम लहान होती तेव्हा आक्का बाहुली पाठवते म्हणाली आणि साफ विसरली. पोरगी दारात बसून राहिली. मग वहिनीच धावत जाऊन बाहुली घेऊन आली आणि आक्काला फोन केला, की संध्याकाळी आभाराचा फोन येईल, तेवढं हो म्हणा. पुढच्या वर्षी मी विसरलो. मग सगळ्यांना सवयच लागली. फुकटचं कौतुक कुणाला नको असतं, दादा? दर सुट्टीत सकाळी वहिनीचा फोन यायचा, भाऊजी, यंदा तुम्ही अमुक दिलंय, लक्षात ठेवा. एकदा ती सांगायची राहिली. टिंगू फोनवर म्हणाला, काका, एकदम मस्त आहे! मी म्हणालो, जपून चालव, पडशील. नंतर कळलं, मी कापसाचं अस्वल दिलं होतं.”

भाऊ हसला आणि पुन्हा काच पुसायला लागला. “आम्ही तिला म्हणायचो, की आता पुरे कर. तर म्हणायची, पोरांना आपली माणसं पुष्कळ आहेत असं वाटू दे.”

लिफ्टवाल्याला संताप यायला हवा होता. त्यानं वाट पाहिली, पण तो काही आला नाही. “चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय,” तो म्हणाला, “तेवढा आवळून दे.” भावानं मान खाली घालून स्क्रू आवळून दिला.

वाटेत मात्र त्याच्या मनात आलं, काय लबाड मंडळी आहेत. इतकी वर्षं लहान पोरांकडून आभार मानून घेतले आणि एकाच्याही मनाला टोचलं नाही. आपण त्यातले नाही, एवढं तरी बरं.

रात्री जेवताना त्यानं मुलांना सांगून टाकलं, की यंदा एकेकाला एकच भेट. मॅडम “बरं” म्हणाली आणि ताटात बघत राहिली. टिंगूनं घास तोंडातच धरला.

“एकच? मग कमी कोण होणार?”

“कोण नाही रे. वस्तू कमी होणार.”

“पण एक वस्तू म्हणजे एकच जण देणार ना? मग आत्या कमी होणार की काका?” त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. “आई तर आधीच कमी झालीय.”

हे तो गणित सोडवावं तसं म्हणाला, रडून नाही. लिफ्टवाल्यानं पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. “कुणी कमी होणार नाही,” तो म्हणाला. “सगळे येणार आहेत.” बोलून तर गेला, आता निस्तरणं भाग होतं. जेवण उरकून त्यानं तिघांना फोन केले. “काही आणू नका, पण या,” एवढंच म्हणाला. या वेळी तो विनंती करत नव्हता.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी तो कामावर गेला नाही. सोफ्यावर दोनच पुडकी होती. लिफ्टचा दोर बांधणाऱ्या माणसाला पुडकं बांधता येतंच असं नाही. त्यानं वर्तमानपत्र गुंडाळून वायरींना लावायची काळी टेप चिकटवली होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सगळ्यांकडून’. समोर आक्का, भाऊ आणि मावशी नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखे खुर्च्यांच्या कडांवर टेकले होते. रिकाम्या हातांचं काय करावं ते एकालाही सुचत नव्हतं.

मॅडमला रंगपेटी मिळाली, टिंगूला फुटबॉल. टिंगू खूश झाला. मग एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यानं चिठ्ठी वाचली.

“सगळ्यांकडून म्हणजे आईकडून पण?”

लिफ्टवाला म्हणाला, “हो.”

“मग बरं झालं,” टिंगू म्हणाला. “कारण आईनं मला कधीच काही दिलं नव्हतं.”

त्यात तक्रार नव्हती. मोठ्यांचे चेहरे बघून त्याला वाटलं, यांना पटलेलं दिसत नाही, म्हणून तो पलंगाखालचं खोकं ओढत घेऊन आला आणि एकेक वस्तू जमिनीवर मांडायला लागला. “हे आत्याचं कोडं. हे काकाचं अस्वल. हा मावशीचा डॉक्टरचा सेट. चिठ्ठ्या काढून वस्तूंना चिकटवल्यात बघा. आईचं एक पण नाही.”

खरं सांगावं तर ही तीन माणसं पोराच्या हिशोबातून उठणार. न सांगावं तर आईनं त्याला काही दिलं नाही हेच तो जन्मभर खरं धरून चालणार. लिफ्टवाल्यानं आक्काकडे पाहिलं. दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत आक्का खाली बसली आणि तिनं कोड्याचा डबा उचलला.

“हे माझं नाही, बाळा. हे तुझ्या आईनं आणलं होतं. नाव तेवढं माझं घातलं.”

“का?”

“मी विसरायचे म्हणून.” आक्कानं डबा पलीकडे वेगळा ठेवला.

भावानं अस्वल त्या डब्याशेजारी ठेवलं. “हेही तिचंच, टिंगू.” मावशीनं डॉक्टरचा सेट नुसताच त्या बाजूला सरकवला. मॅडम रंगपेटीकडे बघत हळूच म्हणाली, “मला माहीत होतं. गेल्या वर्षी पुडकी बांधताना कागद मी धरला होता.”

टिंगूनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तो रडला नाही, की रागावलाही नाही. अस्वल त्यानं नव्यानं आल्यासारखं चारी बाजूंनी निरखलं. लिफ्टवाल्याला वाटलं, चला, निभावलं. ज्यांनी कबूल करायचं त्यांनी केलं.

खोक्याच्या तळाशी अजून एक खेळणं होतं. टिंगूनं ते दोन्ही हातांनी काढलं. ती लाकडी क्रेन होती. बाजूला फिरवायचा दांडा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला आकडा. दांडा फिरवला की आकडा वर जायचा. ती त्यानं बापाच्या मांडीवर ठेवली.

“हे तर तुझंच आहे ना, बाबा? दोरी पण तूच बांधलीस. आई म्हणाली, बाबाच्या कामावर असते तशी आहे.”

चिठ्ठीवर ‘बाबाकडून’ लिहिलं होतं, त्याच अक्षरात. लिफ्टवाल्यानं दांडा फिरवून पाहिला. दोरी म्हणजे शिवणाचा दोरा होता, दुहेरी केलेला, आणि गाठ बायकोची, शर्टाचं बटण लावताना ती मारायची तशी. ती क्रेन तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

आक्का, भाऊ, मावशी, तिघंही त्याच्याकडे बघत होते. मॅडमनं मात्र मान खाली घातली होती. तिला हेही माहीत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा लिफ्टवाल्याच्या आत काहीतरी दुखलं, आणि ते त्याला सोसवेना.

“नाही रे,” तो म्हणाला. “तीही आईनंच आणली.”

टिंगूनं क्रेन त्याच्या मांडीवरून उचलली आणि पलीकडच्या ढिगात नेऊन ठेवली. मग मागं सरकून त्यानं तो सबंध ढीग एकदा नीट पाहून घेतला.

“केवढं दिलं आईनं!” तो म्हणाला.