वरातीतून 'हाकारा' बँडमध्ये

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो. वरातीच्या बँडमधला, गळ्यात अडकवून वाजवायचा, चांगला घंगाळाएवढा. बारामतीच्या मुजफ्फरभाईंनी मला आंब्याच्या लाकडातून घडवून घेतलं. बारामती ते इंदापूर माझ्यावाचून एकही लग्न लागत नसे, निदान मला तरी तसंच वाटायचं. पुढे डीजे आले आणि माझी बोलतीच बंद झाली. मागच्या खोलीत माझ्यावर आधी चादर आली, मग कांद्याची पोती.

एके दिवशी मुजफ्फरभाईंच्या मुलीने, अनिसाने, ती पोती हटवली. कॉलेजातल्या दोन मित्रांबरोबर तिने हेवी मेटल बँड काढला होता, 'हाकारा' नावाचा. यशराज गिटार वाजवायचा. सुप्याचा बिरदेव गायचा. ज्वारीवरची पाखरं हाकून हाकून त्याचा गळा असा तयार झाला होता, की तो गायला लागला की शेजारची शेळी दावं तोडायची. अनिसाकडे छोटे ड्रम होते, झांजा होत्या, मोठा ढोलच तेवढा नव्हता. आणि इंदापूरचा पहिला कार्यक्रम तर तोंडावर आलेला. तिने मला कडेवर उभं केलं, पुढे पायाने दाबलं की माझ्यावर टोला हाणणारं पेडल लावलं आणि त्यावर पाय मारला.

धाड! खोटं कशाला बोलू, मलाही राग आला. मुजफ्फरभाई तर धावतच आले.

"वाद्याला पाय लावतीस? ह्याच्यावर आपलं घर चाललं!"

"अब्बा, दोन्ही हात गुंतल्यात. मग ठेका कशानं धरू?"

"न्हाय म्हंजी न्हाय!"

त्यांनी मला खोलीत ठेवून कुलूप घातलं. आता बँडचं कसं होणार, या काळजीने माझा राग कुठच्या कुठे पळाला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अंगणात सराव सुरू झाला. माझ्या जागी तेलाचा रिकामा डबा होता. ठण, ठण! मुजफ्फरभाईंनी ओट्यावर बसून एक गाणं कसंबसं सोसलं. दुसऱ्याला मात्र ते उठलेच.

"काय रं हे? ठेका पार लुळा पडलाय! बँडवाल्याच्या दारात आसलं वाजतंय व्हय?"

कुलूप निघालं. त्यांनी स्वतः माझ्या दोऱ्या ताणल्या आणि अनिसाला म्हणाले, "चप्पल काढ. ह्याला सलाम कर. मग वाजीव, पर आसं वाजीव की इंदापूर हाललं पायजे."

इंदापूर हाललं! बिरदेवने पहिली आरोळी ठोकली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कान झाकले. तिसऱ्या गाण्याला तेच खुर्चीवर चढून नाचत होते. अनिसाच्या पायाखाली मी असा काही गरजलो, की माझाच मला अभिमान वाटला. मुजफ्फरभाई डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "पोरगी हाय माझी. अन् ढोलबी माझाच!"

मग बारामतीचं बोलावणं आलं, दौंडचं आलं, पुण्याचंही आलं. टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी बसतो. यशराज मागे, गिटार मांडीवर घेऊन.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य गप्प बसलं असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, ताणा आणि वाजवा. हाताने जमेना, तर पायाने वाजवा. ते रुसणार नाही. ते कधीचं तुमची वाट बघत असतं.