हिरव्या गावातलं लग्न

वार्सिनीबाईंचा नवरा जाऊन सात दिवस झाले होते. रोज संध्याकाळी प्रार्थनेला येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी त्या मागच्या पडवीत आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे तळत होत्या. एवढ्यात गावप्रमुख मुजियोनो आले.

"वहिनी, दुःखाच्या घरी बोलू नये, पण रविवारी माझ्या लेकीचं लग्न आहे. तुमच्या हाताशिवाय आमचा रस्सा जमलाय का कधी? तुमच्या लेकीला, रत्रीलाही आणा. आता काळजी नाही, आपलं गाव हिरवं आहे."

हिरवं म्हणजे साथीने एकही मृत्यू नसलेलं. जिल्ह्याच्या अहवालात तसं छापून आलं होतं आणि हिरव्या गावाला मांडव घालायची मुभा होती. आमच्याकडे लग्नघरी गल्लीतल्या साऱ्या बायका खांद्याला खांदा लावून रांधतात. न जाणारीला लोक नावं ठेवतात.

मुजियोनो गेले तसा मुलगा प्रास्तोवो बाहेर आला. आरोग्य केंद्रातून मृत्यूंचे आकडे जिल्ह्याला पाठवायचं काम त्याचंच.

"आई, तू जायचं नाहीस. रत्रीलाही पाठवू नकोस."

"का रे? गाव हिरवं आहे ना?"

"उगाच फाटे फोडू नकोस."

वार्सिनीबाईंनी गॅस बंद केला. "तुझे बाबा धापा टाकत गेले. तपासणीचा निकाल आला तो पुरल्यावर. त्यांना कशात धरलंस?"

"जुन्या दम्यात." तो खाली बघत होता. "निकाल आधी आला तरच साथीत धरायचं, असं वरून सांगितलंय. मी नियम मोडलेला नाही."

"आणि त्यांच्या आधी गेलेले शेजारचे कार्तोदादा?"

"त्यांचंही तसंच."

"म्हणजे आपल्या पोरीला घरात ठेवायचं आणि लोकांच्या लेकीसुनांना तिकडे धाडायचं. हे कुठल्या नियमात बसतं, तेवढं सांग."

प्रास्तोवोचे कान लाजेने तापले. शून्य पाठवल्यावर साहेबांनी पाठ थोपटली होती, तेव्हा त्याला बरंही वाटलं होतं. आता ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी त्याने चटया अंगणात लांब लांब अंथरल्या. प्रार्थना संपली आणि बायका लग्नाच्या स्वयंपाकाचं ठरवू लागल्या, तेव्हा तो उभा राहिला.

"बाबा साथीनेच गेले," तो म्हणाला. "कार्तोकाकाही. अहवालातलं शून्य मीच पाठवलं. रविवारी रांधायला कुणी जाऊ नका."

प्रार्थनेला आलेले मुजियोनो उठून निघून गेले. कार्तोची बायको तार्मी मात्र जागची हलली नाही.

"माझ्या घरी सातही दिवस प्रार्थनेला माणसं दाटीवाटीने बसायची. तुझे बाबा रोज पहिले यायचे. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"काका गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा निकाल आला होता, काकू."

वार्सिनीबाईंनी मुलाकडे पाहिलं. हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्या आत गेल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली.

प्रास्तोवोने सुधारून पाठवलेले आकडे नियमात बसत नाहीत म्हणून परत आले. छापील अहवालात आमचं गाव अजून हिरवंच आहे, आणि तो वाचणाऱ्याला हायसं वाटतं.