पायांना लागणारं वारं

स्नेझानाने नवा प्रोसेसर बसवला त्या दिवसापासून कॉम्प्युटर माणसासारखा दगा द्यायला लागला. वीस मिनिटं नीट चालायचा आणि ऐन कामात काळा. सूचना नाही, आवाज नाही. मेला की मेला.

दूर नोवी साद शहरातल्या एका फर्निचर कंपनीने तिला आठ स्वयंपाकघरांची चित्रं करायला दिली होती. कपाटं, ओटा, खिडकीतलं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं उभं करायचं. जुन्या प्रोसेसरने एकेका चित्राला अर्धा दिवस घेतला असता, म्हणून तर नवा. मंगळवारी चारच्या आत आठही पोचली तर पहिल्या तारखेपासून नोकरी, तिकडेच. नाही पोचली तर हेच झायेचार गाव, हाच पाचवा मजला आणि व्लास्तिमिर.

व्लास्तिमिर म्हणजे तिचा बाप. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा भाऊ व्हिएन्नाहून आला, कबरीवर मेणबत्ती लावली आणि 'तू आहेसच की इथे' म्हणून परत गेला. त्याच्या बापाचं काय जात होतं? बाप तर हिच्याकडेच होता.

जुलै महिना, बाहेर अडतीस अंश, आणि घराच्या खिडक्या बंद. का, तर प्रोमाया. आरपार वारं लागलं की मान धरते, कान जातो, तोंड वाकडं होतं, माणूस मरतो. लढाईत मेले नाहीत एवढे लोक या गावात प्रोमायाने मेलेत, असं व्लास्तिमिर शपथेवर सांगायचा.

स्नेझानाने करायचं ते सगळं केलं. रॅमच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. शेजाऱ्याचा पॉवर सप्लाय उसना आणून लावला. पंखा उतरवून त्याखालची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट पुसली, परत लावली. दुकानवाल्या रात्कोला दहादा फोन केला.

"पेस्ट किती लावलीस?"

"वाटाण्याएवढी."

"पावावर साय फासतात तशी नाही ना?"

"रात्को, मी रडायच्या बेतात आहे."

"मग कॅबिनेटपासून लांब रड. आत पाणी गेलं तर वॉरंटी नाही."

सोपी तीन चित्रं कशीबशी झाली होती. उरलेल्यांना पंचवीस-पंचवीस मिनिटं लागत, आणि हा विसाव्याला मरायचा. परत शून्यापासून.

मंगळवारी सकाळी बाप रक्तदाब दाखवायला दवाखान्याच्या रांगेत गेला. तेवढ्यात तीन चित्रं एका दमात झाली! तो आला, तिने कॉफी करून दिली, सातवं चित्र लावलं. काळा. परत लावलं. काळा. तीन वाजत आले.

"सकाळपासून घरात काय बदललं?" रात्को म्हणाला.

"काही नाही. बाबा आले."

"मग बाबांना परत पाठव."

तिने फोन ठेवला. तिसऱ्यांदा चित्र लावलं आणि कॅबिनेटचा सांडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली शिरली. टेबल खोलीच्या मधोमध होतं, कारण इंटरनेटची वायर तेवढीच पोचत होती. पलीकडे बापाचा कोच. कॅबिनेटची पाठ त्याच्या पायांकडे.

खालून तिला त्याचे लोकरी मोजे दिसले. भर जुलैत. मग एका मोज्याने आईच्या हातची भरतकामाची उशी हळूच पुढे सरकवली आणि कॅबिनेटच्या पाठीवर घट्ट दाबली. आतला पंखा आधी कण्हला, मग किंचाळायला लागला. पाय हलला नाही.

जुन्या प्रोसेसरने तीन वर्षं हीच उशी सोसली होती. नवा जास्त तापायचा, त्याला जास्त वारा लागत होता.

"बाबा!"

पाय उडाला. उशी पडली.

"पायांना वारं लागतं," व्लास्तिमिर म्हणाला.

"मी चार दिवस तुमच्या डोळ्यांदेखत हे उघडतेय, जोडतेय. बंद पडला की तुम्ही उशी मांडीवर घेऊन बसता. तोंडाला काय कुलूप होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

"तुम्हाला कळत होतं. उशी लावली की बंद पडतो, हे कळत होतं."

तो उशीचे गोंडे विंचरत बसला. "पहिल्या दिवशी नव्हतं कळत," शेवटी म्हणाला.

पुढे बोलायला वेळच नव्हता. चित्र अजून जिवंत होतं. तिने कॅबिनेट त्याच्या पायांपासून ओढून घेतलं, खिडकी उघडली, जाऊन बाल्कनीचं दारही उघडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा पडदा हलला.

"मारशील मला!" बापाने टॉवेल मानेला गुंडाळला.

"पाऊण तास दम धरा. मग मरा."

तो खरंच बसून राहिला. दुसऱ्या खोलीत गेला असता तरी चाललं असतं, पण नाही. वाऱ्यातच बसला, सूड घेतल्यासारखा. सातवं झालं. तीन पन्नासला आठवं गेलं. चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं: चित्रं पसंत, एक तारखेला या.

तिने मोठ्याने वाचलं.

"बरं," व्लास्तिमिर म्हणाला. "माझ्या गोळ्यांचं तेवढं लिहून ठेव. कुठली कधी, ते."

त्यात काय, दोन मिनिटांचं काम. तिने कागद घेतला. सकाळी पांढरी, जेवणाआधी. संध्याकाळी अर्धी. पाणी कमी पितात, समोर उभं राहून प्यायला लावणं. गॅस दोनदा बघणं. डाव्या कानाला ऐकू येत नाही, कबूल करत नाहीत. आंघोळीला दार आतून लावू देऊ नये. कागद भरला. तिने तो उलटला. हे सगळं बघणार कोण, ते त्यावर कुठेच नव्हतं.

"खिडकी लाव आता," मागून आवाज आला.

लिहिता लिहिताच ती उठली आणि खिडकी लावून आली.