हात लावू नये

माझा नवरा पालिकेत नियम लिहितो. फूटपाथवरून सामान पोहोचवणारे रोबो आले, तेव्हा त्यांचे नियमही त्याच्याच गळ्यात पडले. समोर माणूस आला की रोबोने थांबावे. कंपनीच्या माणसाखेरीज कुणी त्याला हात लावू नये. घरात दुसरा विषय नाही. मला ऐकून ऐकून वीट आला होता.

कौतुक होतं ते फक्त माझ्या सासऱ्यांना, बाबांना. अर्धांगाच्या झटक्यानंतर वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत एकट्याने जायचं, पेपर वाचून परत यायचं, एवढंच त्यांचं स्वतःचं उरलं होतं. तिथे बसून ते गिऱ्हाइकांना मुलाचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवायचे. सलूनवाला बिचारा ऐकून घ्यायचा.

काल त्याचाच फोन आला आणि मी धावत सुटले. फूटपाथ खोदून अर्धा केलेला. उरलेल्या अर्ध्यात बाबा आणि कुणाचा तरी किराणा घेऊन निघालेला रोबो, समोरासमोर. रोबो नियमाप्रमाणे थांबलेला. बाबांना वॉकर घेऊन ना वळता येत होतं, ना मागे सरता. येणारे-जाणारे म्हणत होते, "आजोबा, उचलून ठेवतो बाजूला." बाबा प्रत्येकाला दटावत होते, "हात लावायचा नाही! नियम आहे."

त्यांचे पाय लटपटत होते. मी रोबोला हात घातला, तर माझ्यावरही ओरडले आणि ओरडता ओरडता मटकन खाली बसले. पँट ओली झाली. लोक बघत होते. मला त्या डब्याचा, नियमाचा, बाबांचा, सगळ्यांचाच राग आला होता.

संध्याकाळी नवरा आला तो चिडूनच. "बाबा, उचलू द्यायचं ना कुणाला तरी! नियम काय तुमच्यासाठी होता?"

"मग कुणासाठी होता?" बाबा म्हणाले. "अरे, तुझ्या घरच्यांनीच नाही पाळला तर लोक कशाला पाळतील?"

रोबोने थांबायचं, हे नवऱ्याने लिहिलं होतं. थांबल्यावर पुढे काय, ते लिहायचं राहून गेलं होतं.

"दुरुस्ती करतो," तो म्हणाला. "रोबोनं मागे सरायचं, असं घालतो. पुढच्या बैठकीत होईल मंजूर."

"छान. सलूनमध्ये कळव तेवढं."

"तुम्हीच सांगा की जाऊन."

बाबांनी खुर्चीजवळचा वॉकर माझ्याकडे सरकवला.

"अगं, हा आत ठेव कुठेतरी," ते म्हणाले. "उगाच येता-जाता पायात येतो."