फुग्यातून समुद्र ओलांडणाऱ्या बाई

ज्ञानकोशाच्या कचेरीत एक लेखिका नामवंत माणसांच्या आणि गावांच्या छोट्या नोंदी लिहायची. नोंद जरा लांबली की संपादक कापायचे. पाठीमागे सगळे त्यांना 'कात्री' म्हणत.

एकदा तिच्याकडे हवेत उडणाऱ्या फुग्यात बसून एकटीने सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या पहिल्या बाईंची नोंद आली. जन्मसाल होतं, मृत्यूचं नव्हतं.

"घरच्यांना विचारून या," कात्री म्हणाले.

दार बाईंच्या भाचीने उघडलं. काम ऐकून तिला हसू आवरेना. "आत्या, यांना तुझं मृत्यूचं साल हवंय गं!"

आतून आवाज आला, "घाई आहे का त्यांना?"

लेखिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी तिला पलंगाशी बसवून घेतलं. घर सगळ्यात वरच्या मजल्यावरचं. पांढरे पडदे वाऱ्याने फुगत होते, आणि खोली जमिनीपासून किंचित सुटली आहे असं वाटत होतं.

"वाच बघू, काय लिहिलंयस."

तिने वाचलं, "'वादळी वाऱ्याशी रात्रभर झुंज देत...'"

"कोण झुंजलं? मी तर झोपले होते."

भाची बघतच राहिली.

"अगं, वाऱ्याबरोबर जाताना वारा लागतच नाही," बाई सांगू लागल्या. "किनाऱ्यावर होते तोवर खालचं सगळं ऐकू येत होतं. कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी पोराला जेवायला हाक मारत होतं ते. मग खाली पाणी आलं आणि आवाज थांबले. इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तर खाली गवत, आणि गाई माझ्याकडे बघतायत. तशी झोप पुन्हा नाही लागली बघ."

"हे कधी बोलली नाहीस गं!" भाची म्हणाली.

"सगळे विचारायचे, भीती वाटली का. झोप लागली का, असं कुणी विचारलंच नाही."

लेखिकेने नोंद नव्याने लिहिली. कात्रींनी झोपेच्या वाक्यावर पेन टेकवलं.

"हे कोशात कसं चालेल?"

"बाकी काहीही कापा, सर. खरं तेवढंच आहे."

मग त्यांनी पदकांची ओळ खोडली, पुरस्कारांची खोडली, आणि कागद पुढे सरकवला.

छापलेला खंड घेऊन ती परत गेली तेव्हा बाई आणखी हलक्या झाल्या होत्या; उशीत खळगाही पडत नव्हता. भाचीने नोंद वाचून दाखवली. बाईंनी डोळे मिटून ऐकली.

"छोटीशी आहे, पण हवेशीर आहे," त्या म्हणाल्या. "शेजारी कोण आहे माझ्या?"

लेखिकेने पान पाहिलं. "वर एक बेट आहे. खाली एक डॉक्टर."

"मग झकास. आता पडदा बाजूला सार जरा, वारा येऊ दे."